कर्ज फिटलं, पण बोजा उतरला का?

शेवटचा हप्ता गेला, बँकेनं ‘नो ड्यूज’चं पत्र दिलं की आपण सुटलो असं वाटतं. मग घर विकायला काढल्यावर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचं नाव तसंच दिसतं आणि गिऱ्हाईक बिचकतं. ही बोज्याची नोंद कर्ज फिटताच काढून घ्या. एजंटला हजारो रुपये देऊ नका, कारण यातलं बहुतेक काम फुकट किंवा किरकोळ खर्चाचं आहे.

बँकेवर तर बोजा काढणं बंधनकारकच आहे. रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकाप्रमाणे पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागदपत्रं परत करायची आणि नोंदवलेला बोजा काढायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, म्हणजे 20 दिवस रखडवलं तर एक लाख! कागद बँकेकडून गहाळ झाले तर नकलांचा खर्चही तिचाच, फक्त त्यासाठी आणखी 30 दिवसांची सवलत आहे. सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्या या नियमात येतात, पतसंस्था येत नाहीत. कर्ज पतसंस्थेचं असेल तर बोजा काढण्याचा अर्ज तिला लेखीच द्या आणि पोच घ्या.

घर स्वतंत्र जागेवर असेल तर बँकेचं पत्र जोडून ‘ई-हक्क’ या सरकारी संकेतस्थळावर बोजा कमी करण्याचा अर्ज करा. तलाठी फेरफार घेतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. शेवटी डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत काढून डोळ्यांनी खात्री करा. गावठाणात किंवा शहरात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते, तिथे अर्ज भूमी अभिलेख खात्याकडे जातो.

फ्लॅटवाल्यांचं नाव सातबाऱ्यावर नसतं. त्यांनी सोसायटीच्या दप्तरातली बँकेची नोंद काढायला लावावी आणि ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदवहीतून बँकेनं बोजा हटवला का, ते पाहावं.

खरा खर्च येतो तो नोंदणीकृत गहाणखत असेल तेव्हा. त्यावर परतीचा दस्त करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो आणि मुद्रांक, नोंदणी फी आपल्या खिशातून जाते. आकडा त्याच कार्यालयात आधी विचारून घ्या.

बँक दाद देत नसेल तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही.