लहान आगगाड्यांची संगणकावरील नोंदवही



आगगाडी जातांना पाहून क्षणभर उभा राहिला नाहीं असा मुलगा आपल्या डहाणू तालुक्यांत क्वचितच सांपडेल. आपला लोहमार्ग जुना आहे. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेनें तो इ. स. १८६४ मध्यें मुंबईस नेऊन भिडविला; इ. स. १९२८ पासून फ्रंटियर मेल याच मार्गानें उत्तरेकडे धांवूं लागली, आणि इ. स. २०१३ मध्यें मुंबईची लोकल गाडी डहाणू रोडपर्यंत आली. ज्यांना या गाड्यांची ओढ फार लागते ते त्यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृति घरीं आणून ठेवतात. असा एक संग्रह वाढवण येथें माझ्या मामांच्या घरीं होता. त्याचें काय झालें तें प्रथम सांगतों. कारण आजचा धडा त्यांतूनच निघाला आहे.

मामा रेल्वेंत नोकरीस होते. तीस वर्षें पगारांतून थोडें थोडें शिल्लक टाकून त्यांनीं इंजिनें, डबे, सिग्नल अशा त्रेचाळीस वस्तू जमविल्या. प्रत्येक वस्तूची हकीकत त्यांस तोंडपाठ होती. म्हणून ती लिहून ठेवण्याची गरज त्यांना कधीं भासली नाहीं. ते वारल्यानंतर मामींनीं मला बोलावून घेतलें. पत्र्याच्या दोन पेट्या ओटीवर उघडल्या, तों एका इंजिनामागें दुसऱ्याच इंजिनाचें टेंडर जोडलेलें. कोणतें खोकें कोणत्या गाडीचें तेंही कळेना. मामी म्हणाल्या, “अरे, यांतलें एक इंजिन त्यांनीं आपली ताई जन्मली त्या दिवशीं आणलेलें. तेवढें शोधून दे, तें तिला द्यायचं आहे.” पेटींत काळीं इंजिनें चार होतीं. त्यांतलें कोणतें, हें मामींना सांगतां येईना. ताईंना एवढेंच आठवत होतें कीं तें काळें होतें. वस्तू समोर असून तिची ओळख गेली होती.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्हीं सर्व वस्तूंची नोंदवही संगणकावर तयार केली. ती करतांना जें शिकलों तें क्रमानें मांडतों.

पहिली गोष्ट क्रमांकाची. संग्रहांतील प्रत्येक वस्तूस एक क्रमांक द्यावा आणि तो पुन्हां दुसऱ्या कोणत्याही वस्तूस देऊं नये. पदार्थसंग्रहालयांत एक सोपी पद्धति आहे : वस्तू आली तें वर्ष, त्या वर्षांतील कितवी खेप, व त्या खेपेंतील कितवी वस्तू. म्हणजे २०२४.३.२ हा क्रमांक पाहतांच कळतें कीं, ही वस्तू इ. स. २०२४ मधील तिसऱ्या खेपेंतील दुसरी. वस्तू विकली गेली तर “विकली” असें लिहावें. ओळ पुसूं नये. क्रमांक रंगावर लिहूं नये. दोऱ्यानें बांधलेल्या चिठ्ठीवर व खोक्यावर लिहावा.

नांव असतांना क्रमांक कशाला, असें कोणी विचारील. नांवें बदलतात. फ्रंटियर मेलचें नांव इ. स. १९९६ मध्यें गोल्डन टेंपल मेल असें झालें. मग एका नोंदींत जुनें व दुसऱ्या नोंदींत नवें नांव पाहून वाचणारा दोन गाड्या समजेल. ‘फेअरी क्वीन’ हें इ. स. १८५५ मध्यें इंग्लंडांत बांधलेलें प्रसिद्ध इंजिनही ईस्ट इंडियन रेल्वेच्या दप्तरीं २२ या क्रमांकानें ओळखलें जाई. नांव अवश्य लिहावें, पण वेगळ्या रकान्यांत.

दुसरी गोष्ट रकान्यांची. स्प्रेडशीट नांवाचा जो तक्ता संगणकावर असतो त्यांत एका वस्तूस एक ओळ व एका माहितीस एक रकाना द्यावा. आमचे रकाने असे होते : क्रमांक; वस्तूचें नांव; कारखाना व त्याच्या कॅटलॉगांतील क्रमांक; प्रमाण; रुळांची रुंदी; खऱ्या गाडीचा वर्ग; कोठून, केव्हां व किती किमतीस मिळाली; सद्यःस्थिति; ठेवण्याची जागा; आणि शेवटीं हकीकत.

यांतील प्रमाण म्हणजे खरी गाडी किती पटींनीं लहान केली तो आंकडा. ‘एच-ओ’ या प्रचलित प्रमाणांत तो ८७ आहे. एखादा डबा प्रत्यक्षांत सुमारें २१.३ मीटर लांब असेल, तर त्याची प्रतिकृति सुमारें २४.५ सेंटिमीटर भरावी. ‘एन’ प्रमाण याहून बरेंच लहान असतें. तें बहुतेक देशांत १६० व ब्रिटनमध्यें १४८ धरतात. आतां एक गणित पाहा. एच-ओचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. १६.५ ला ८७ नें गुणिलें तर १४३५ च्या जवळ आंकडा येतो. युरोपांतील बहुतेक रुळांचें अंतर तेवढेंच मिलिमीटर आहे. आपल्या रुंद मार्गाचें अंतर १६७६ मिलिमीटर. त्यास ८७ नें भागिलें तर १९.३ येतात. म्हणून १६.५ च्या रुळांवर ठेवलेलें आपल्याकडचें इंजिन वरून प्रमाणशीर असलें तरी त्याच्या पायांखालचा मार्ग जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद असतो. याकरितां प्रमाण व रुळांची रुंदी हे दोन रकाने वेगळे ठेवावे.

वर्गाचा रकाना भारतीय इंजिनांच्या बाबतींत फार उपयोगी पडतो. वर्गाच्या पहिल्या अक्षरावरून मार्गाची रुंदी कळते : डब्ल्यू म्हणजे रुंद मार्ग, वाय म्हणजे मीटर मार्ग, झेड म्हणजे अडीच फुटी अरुंद मार्ग. वाफेच्या इंजिनांत त्यापुढील पी हें अक्षर उतारूंच्या गाडीचें, तर जी हें मालगाडीचें. अशा रीतीनें ‘डब्ल्यू-पी’ म्हणजे रुंद मार्गावरील उतारूंच्या गाडीचें इंजिन. या वर्गाचीं पहिलीं इंजिनें इ. स. १९४७ मध्यें अमेरिकेंत बांधलीं गेलीं.

ज्यांच्या घरीं डिजिटल पद्धतीनें चालणारीं इंजिनें आहेत त्यांनीं आणखी एक रकाना वाढवावा. डी-सी-सी नांवाच्या या पद्धतींत प्रत्येक इंजिनाच्या पोटांत एक इलेक्ट्रॉनिक चकती असते व तिला स्वतःचा पत्ता असतो. एकाच रुळावर अनेक इंजिनें उभीं असलीं तरी ज्याचा पत्ता पुकारावा तेंच हलतें. परंतु नवें इंजिन कारखान्यांतून बहुधा ३ हाच पत्ता घेऊन येतें. दोन इंजिनांचे पत्ते तसेच राहिले तर एका हुकमावर दोन्ही धांवूं लागतात. पत्ता बदलावा, आणि बदलतांच वहींत लिहावा.

तिसरी गोष्ट स्थितीची. आपल्या किनाऱ्यावरची हवा खारट व दमट आहे. पत्र्याच्या जुन्या गाड्यांस तिनें गंज चढतो. लिव्हरपूलच्या हॉर्नबी यांनीं इ. स. १९२० मध्यें ज्या चावीच्या गाड्या बाजारांत आणल्या, त्यांच्या जातीच्या कांहीं गाड्या मामांपाशीं होत्या. त्यांचे कोपरे तांबूस झाले होते. याहून वाईट रोग जस्ताच्या ओतीव भागांस होतो. जुन्या ओतकामांत जस्तांत शिशाची अल्प भेसळ राहून गेली असेल, तर दमट हवेंत तो भाग हळूहळू फुगतो, त्यास चिरा पडतात व अखेर त्याचे तुकडे होतात. एकदां हा रोग लागला कीं त्यावर इलाज नाहीं. कोरडी जागा देणें व लक्ष ठेवणें एवढेंच आपल्या हातीं असतें. म्हणून “स्थिति चांगली” असें मोघम लिहूं नये. तारीख घालून, “डाव्या बाजूस केसाएवढी चीर, लांबी अमुक मिलिमीटर” असें लिहावें. पुढील वर्षीं तीच लांबी पुन्हां मोजली म्हणजे भाग फुगतो आहे कीं नाहीं तें आंकडाच सांगेल.

आतां संगणकासंबंधीं चार सूचना. एक, एका नांवाचें लेखन एकच ठेवावें. मी कोठें ‘हॉर्नबी’ तर कोठें ‘हार्नबी’ लिहून बसलों. शोध घेतला तेव्हां अकरांपैकीं सातच नोंदी हातीं लागल्या, आणि चार वस्तू हरवल्या या समजुतीनें आम्हीं अर्धा दिवस पेट्या उपसल्या. दोन, कित्येक तक्ते देवनागरी आंकड्यांस अक्षरेंच समजतात व त्यांची बेरीज करीत नाहींत. म्हणून किमतीच्या रकान्यांत इंग्रजी आंकडे घालावे. तीन, तारीख लिहितांना आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा; म्हणजे ओळी आपोआप काळाप्रमाणें लागतात. चार, रिकामी जागा व शून्य यांत भेद करावा. भेट मिळालेल्या वस्तूस पैसे पडले नाहींत, तेथें शून्य शोभतें. किंमत ठाऊकच नसेल तेथें जागा रिकामी सोडावी. अंदाज केला असेल तर “अंदाज” हा शब्द लिहावा. नोंदवहींतील एक बनावट आंकडा खऱ्या आंकड्यांवरचाही विश्वास घालवितो.

प्रत्येक वस्तूचीं निदान तीन छायाचित्रें घ्यावीं : एक बाजूचें, एक समोरचें व एक तळाचें, कारण कारखान्याच्या खुणा बहुधा तळाशीं असतात. छायाचित्राच्या फाइलीस वस्तूचाच क्रमांक द्यावा. आणि सर्व नोंदवहीच्या तीन प्रती ठेवाव्या : दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक प्रत दुसऱ्या गांवीं. आमची तिसरी प्रत ताईंच्या घरीं, ठाण्यास आहे. वर्षांतून एकदां ती कागदावरही छापून घेतों; कारण कागद वाचण्यास वीज लागत नाहीं.

हा सगळा खटाटोप श्रीमंतांच्या संग्रहासाठींच आहे असें समजूं नका. पुण्यास कोथरूड येथें लहान आगगाड्यांचें जें संग्रहालय आहे तें भाऊ जोशी यांच्या छंदांतून उभें राहिलें व इ. स. १९९८ मध्यें लोकांसाठीं उघडलें. तुमच्यापाशीं पुठ्ठ्याची एकच गाडी असेल तरी ती नोंदीस पात्र आहे. डहाणूवरून धांवणाऱ्या फ्लाइंग रानीचे दुमजली डबे इ. स. २०२३ मध्यें काढून टाकण्यांत आले. तुमच्यापैकीं कोणीं तसा डबा पूर्वीं पुठ्ठ्याचा केला असेल, तर कोणत्या वर्षीं केला, प्रत्यक्ष पाहून केला कीं चित्रावरून, मापें कोठून घेतलीं, हें लिहून ठेवा. आणखी वीस वर्षांनीं तो डबा पाहणाऱ्यास खऱ्या डब्यासंबंधीं त्यावरून कांहीं कळेल; नोंद नसली तर तो केवळ रंगविलेला पुठ्ठा राहील.

पालकांस एकच विनंति. मुलांस क्रमांक, मापें व छायाचित्रें घेतां येतील. हकीकत मात्र तुम्हांस ठाऊक आहे, ती तुम्हींच सांगावी. वस्तू कोणीं आणली, कोणत्या प्रसंगीं आणली, तिच्यासाठीं कोणती हौस मागें ठेवली, हें सांगणारें माणूस घरांत आहे तोंपर्यंतच तो रकाना भरतां येतो.

त्या चार काळ्या इंजिनांपुढें आम्हीं हकीकतीच्या रकान्यांत सारखेंच वाक्य लिहिलें : “ताईंच्या जन्मदिवशीं आणलेलें इंजिन या चारांपैकीं एक, कोणतें तें निश्चित नाहीं.” मामी म्हणाल्या, “एखादं ठरवून टाक ना, तिला बरं वाटेल.” परंतु ताईंनींच तें नको म्हटलें, व चारही इंजिनें एका फळीवर एकत्र ठेवण्यास सांगितलें. तीं आज तशींच आहेत.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरीं गाड्या असोत, नाणीं असोत वा टपालाचीं तिकिटें असोत, आज संध्याकाळीं त्यांतील एक वस्तू हातांत घेऊन आजोबांजवळ बसा, आणि पहिली ओळ लिहा.