वर्गणीची पेटी आणि घरची पेटी



सायकल दोन प्रकारांनीं मिळते. दुकानदारास तासाचे पैसे देऊन ती भाड्यानें घेतां येते, अथवा एकदांच पुरते पैसे मोजून विकत घेतां येते. भाड्याची सायकल पहिल्या दिवशीं स्वस्त वाटते, विकतची महाग वाटते. परंतु वर्षअखेर हिशेब मांडला म्हणजे चित्र बहुधा उलट झालेलें दिसतें. टेलिव्हिजनच्या बाबतींतही असाच प्रश्न उभा राहतो. दरमहा वर्गणी भरून कार्यक्रम पाहावे, कीं एकदां यंत्र विकत घेऊन विनावर्गणीचे कार्यक्रम त्यांत सांठवावे व सवडीनें पाहावे? ब्रिटनमध्यें गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ कुटुंबांपुढें हा प्रश्न आला. त्या देशाचें उदाहरण घेऊन आपण आज तीन गोष्टी पाहूं : हें यंत्र कसें चालतें, त्याचा खर्च कोणावर पडतो, आणि वर्गणी सोडणारास काय मिळतें व काय गमवावें लागतें.

प्रथम थोडा इतिहास. ब्रिटनमध्यें वर्गणीच्या डिजिटल सेवेस १९९८ सालीं आरंभ झाला. १ ऑक्टोबर रोजीं स्काय कंपनीनें उपग्रहावरून, आणि १५ नोव्हेंबर रोजीं ऑनडिजिटल नांवाच्या कंपनीनें जमिनीवरील मनोऱ्यांवरून आपली सेवा सुरू केली. दुसऱ्या कंपनीनें पुढें आयटीव्ही डिजिटल असें नांव घेतलें, फुटबॉलच्या सामन्यांच्या हक्कांसाठीं फार मोठी रक्कम कबूल केली, आणि तो बोजा न पेलल्यामुळें २००२ च्या वसंतांत तिचें दुकान बंद झालें. परंतु मनोरे उभेच होते आणि लहरीही मोकळ्या होत्या. त्याच वर्षीं ३० ऑक्टोबर रोजीं त्याच मार्गानें 'फ्रीव्ह्यू' ही विनावर्गणीची सेवा सुरू झाली. तिच्या संस्थापकांत बीबीसी व मनोरे बाळगणारी क्राउन कॅसल कंपनी यांच्या जोडीला खुद्द स्कायही होती, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पुढें ६ मे २००८ रोजीं बीबीसी व आयटीव्ही यांनीं उपग्रहावरून 'फ्रीसॅट' ही दुसरी विनावर्गणीची सेवा काढली. जुन्या पद्धतीचें प्रक्षेपण भागाभागानें बंद होत होत २४ ऑक्टोबर २०१२ रोजीं उत्तर आयर्लंडमध्यें पूर्णपणें संपलें, आणि सर्व देश डिजिटल झाला.

आतां डिजिटल म्हणजे काय? चित्र व ध्वनि यांचें रूपांतर शून्य व एक या दोनच अंकांच्या लांबलचक माळेंत करावयाचें, व ती माळ लहरींवरून पाठवावयाची, ही ती पद्धति होय. जुन्या पद्धतींत एका वाहिनीस जेवढी जागा लागे, तेवढ्याच जागेंतून आतां अनेक वाहिन्या एकत्र पाठवितां येतात. आपल्या विषयाच्या दृष्टीनें मात्र दुसराच लाभ महत्त्वाचा आहे. अंक जसेच्या तसे उतरून घेतां येतात. जुन्या व्हिडिओ-टेपवर चित्र उतरवितांना तें थोडेंफार फिकें होई. टेपवरून दुसरी टेप केली तर आणखी फिकें होई. डिजिटल रेकॉर्डर आलेली अंकांची माळ आपल्या पोटांतील हार्ड डिस्कवर, म्हणजे चुंबकीय तबकडीवर, बदल न करतां लिहून ठेवतो. म्हणून सांठविलेलें चित्र मूळ चित्राहून केसभरही उणें नसतें.

या पेटींत बहुधा दोन ट्यूनर, म्हणजे लहरी पकडणारे दोन भाग, असतात. त्यामुळें एक कार्यक्रम पाहत असतां दुसरा सांठवितां येतो. चालू कार्यक्रम मध्येंच थांबवून दारावर आलेल्या पाहुण्याशीं बोलून यावें व थांबल्या जागेपासून पुढें पाहावें, हेंही शक्य होतें. हें कसें घडतें तें समजण्यास आपली धान्याची कणगी आठवा. वरून धान्य ओतीत असावें आणि खालच्या भोकांतून पहिलें ओतलेलें धान्य काढीत असावें, तसें हें यंत्र एका अंगानें लिहीत राहतें व दुसऱ्या अंगानें मागचें वाचून दाखवितें. कार्यक्रमांचें आठवडाभराचें वेळापत्रकही चित्रांबरोबर लहरींवरूनच येतें. त्यांतील नांवावर खूण केली, कीं ठरल्या वेळीं पेटी आपण होऊन कामास लागते. मालिकेस एकदां खूण केली तर दर आठवड्याचा भाग न सांगतां सांठविला जातो.

तबकडीवर किती मावतें? येथें थोडें गणित करूं. साध्या प्रतीच्या चित्रास सेकंदास ३० लक्ष अंक लागतात असें धरा. तासाचे सेकंद ३,६००. म्हणून एका तासास १,०८० कोटी अंक झाले. आठ अंकांचा एक बाइट, म्हणून १३५ कोटी बाइट, म्हणजेच १.३५ गिगाबाइट. पेटीची तबकडी ५०० गिगाबाइटांची असेल तर सुमारें ३७० तासांचे कार्यक्रम तींत राहतील. अधिक रेखीव चित्रास सेकंदास ८० लक्ष अंक धरले, तर तासास ३.६ गिगाबाइट लागून सुमारें १३९ तास मावतील.

अशी पेटी बाजारांत सर्वांआधीं अमेरिकेंत १९९९ सालीं आली. ब्रिटनमध्यें स्कायनें २००१ सालीं 'स्काय प्लस' या नांवानें ती आपल्या वर्गणीदारांस दिली व ती लोकप्रिय झाली. परंतु वर्गणीच्या पेटीचा एक धर्म असा, कीं तिची किल्ली कंपनीच्या हातीं असते. स्काय प्लसची वर्गणी थांबविणारास त्या पेटींतून कांहीं मोफत वाहिन्या पाहतां येत. पण कार्यक्रम सांठविण्याची सोय बंद पडे. यंत्र तेंच, तबकडी तीच. बंद होई ती परवानगी. २०१६ सालीं आलेली 'स्काय क्यू' ही पेटी तर कंपनीनें उसनी दिलेली असते. वर्गणी संपली म्हणजे ती परत करावी लागते. उलट, फ्रीव्ह्यू किंवा फ्रीसॅटचा रेकॉर्डर एकदां विकत घेतला म्हणजे तो सांठविण्याच्या कामीं दरमहा कोणाची परवानगी मागत नाहीं. स्काय व फ्रीसॅट या दोन्ही सेवा पूर्वेकडील २८.२ अंशांवरच्या उपग्रहांवरूनच येतात. त्यामुळें वर्गणी सोडणाऱ्या पुष्कळांस भिंतीवरची जुनी छत्रीच उपयोगी पडली. स्काय क्यूच्या छत्रीवरील ग्राहक भाग मात्र निराळ्या जातीचा असल्यानें कित्येकांस तो बदलावा लागतो. खरेदीपूर्वीं अशी चौकशी करणें हें शहाणपणाचें.

खर्चाची तुलना आतां सोपी आहे. समजा, वर्गणी महिना ३० पौंड आहे व रेकॉर्डर २०० पौंडांस मिळतो. सहा महिन्यांची वर्गणी १८० पौंड, सात महिन्यांची २१० पौंड. म्हणजे सातव्या महिन्यांत पेटीची किंमत भरून निघते. वर्षाची वर्गणी ३६० पौंड, म्हणून पहिल्याच वर्षीं १६० पौंड वांचतात. पुढील प्रत्येक वर्षीं, पेटी नादुरुस्त न झाल्यास, ३६० पौंड. हे आंकडे केवळ रीत दाखविण्यासाठीं घेतले आहेत; ज्यानें त्यानें आपल्या घरचे आंकडे घालून पाहावे.

परंतु पैशांचा हिशेब म्हणजे सर्व हिशेब नव्हे. वर्गणी सोडणारा कांहीं गोष्टींस मुकतो, व त्या लपवून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. इंग्लंडमधील प्रीमियर लीगचे फुटबॉल-सामने १९९२ सालीं स्पर्धा सुरू झाल्यापासून थेट पाहावयाचे तर बहुधा वर्गणी भरावी लागते. क्रिकेटचेंही तसेंच. २००५ सालचे इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांचे कसोटी सामने चॅनेल ४ या मोफत वाहिनीवर सर्वांनीं पाहिले; २००६ पासून इंग्लंडमधील कसोटी सामन्यांचें थेट प्रक्षेपण स्कायकडे गेलें. १४ जुलै २०१९ रोजीं विश्वचषकाचा अंतिम सामना मोफत वाहिनीवर दाखविला गेला, तो अपवाद म्हणून. ज्या घरीं म्हातारे आजोबा क्रिकेटच्या पांचही दिवसांवर जीव लावून बसतात, त्या घरानें केवळ पैशांकडे पाहून वर्गणी तोडणें बरोबर होईल काय? याचें उत्तर त्या घरानेंच द्यावयाचें आहे. ज्या घरीं मात्र वर्गणीच्या वाहिन्यांवरचें कांहींच पाहिलें जात नाहीं, तेथें हा खर्च केवळ संवयीचा खर्च होय.

दुसरी गोष्ट 'मोफत' या शब्दाची. फुकट दिसणाऱ्या वस्तूचे पैसे कोणीतरी दिलेलेच असतात. ब्रिटनमध्यें चालू प्रक्षेपण पाहणाऱ्या किंवा सांठविणाऱ्या घरास टेलिव्हिजनचें लायसेन्स घ्यावें लागतें, मग वर्गणी असो वा नसो. १ एप्रिल २०२५ रोजीं सुरू झालेल्या वर्षासाठीं तें १७४.५० पौंड होतें. बीबीसीचा खर्च मुख्यत्वें त्यांतून चालतो. म्हणून तिच्या तेथील वाहिन्यांवर इतरांच्या मालाच्या जाहिराती नसतात. आयटीव्ही व चॅनेल ४ यांचा खर्च जाहिरातींतून निघतो, आणि जाहिरातींचा खर्च आपण विकत घेतों त्या साबणाच्या व बिस्किटांच्या किमतींतून निघतो. म्हणून 'फुकट आहे काय?' असें विचारूं नये. 'पैसे कोण देतो, केव्हां देतो व कोणत्या रूपानें देतो?' असें विचारावें. हा एक प्रश्न मुखोद्गत केला तरी या पाठाचें सार्थक झालें.

सांठविणें कायदेशीर आहे काय, अशी शंका कोणी काढील. अमेरिकेंत चित्रपट-कंपन्यांनीं सोनी कंपनीवर खटला भरला होता. १७ जानेवारी १९८४ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला, कीं घरीं सोईच्या वेळीं पाहण्यासाठीं कार्यक्रम उतरवून घेणें हा गुन्हा नव्हे. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यांतही घरगुती व खासगी उपयोगासाठीं अशी मुभा आहे. तिची मर्यादाही त्याच वाक्यांत आहे : स्वतः नंतर पाहण्यासाठीं. प्रती करून विकणें किंवा वांटणें हें दुसऱ्याच्या श्रमाचें फळ हिरावणें होय.

इंटरनेट आल्यावर या पेटीची गरज काय, असेंही कोणी म्हणेल. बीबीसीनें २००७ च्या डिसेंबरांत आयप्लेअर सुरू केला, व तेव्हांपासून होऊन गेलेले कार्यक्रम नंतर पाहण्याची सोय वाढत गेली आहे. ज्यांच्या घरीं इंटरनेट वेगवान आहे त्यांस ती पुरेशी होईल. परंतु तेथील कार्यक्रम मुदत संपली कीं काढून घेतले जातात; आणि खेड्यांत जेथें तार मंद चालते, तेथें चित्र अडखळतें. घरच्या तबकडीवरचा कार्यक्रम आपण पुसेपर्यंत राहतो.

आपल्या देशांतही हा प्रश्न नवा नाहीं. २००३ पासून वर्गणीच्या छत्र्या घरोघर लागूं लागल्या. २००४ च्या डिसेंबरांत प्रसार भारतीनें 'डीडी डायरेक्ट प्लस' ही विनावर्गणीची सेवा काढली. तीच आज 'डीडी फ्री डिश' या नांवानें ओळखली जाते. छत्री व पेटी यांचे पैसे एकदां दिले म्हणजे तिला मासिक वर्गणी नाहीं. येथेंही पैसे कोणीतरी देतोच : खासगी वाहिन्या या सेवेंत जागा मिळविण्यासाठीं लिलावांत बोली लावतात व तो खर्च जाहिरातींतून काढतात. बाजारांतील कांहीं मोफत पेट्यांस यूएसबीची खांच असते. तींत लहानशी डिस्क बसवून कार्यक्रम सांठवितां येतात. पालकांनीं पेटी घेतांना ही सोय आहे कीं नाहीं, तें दुकानांत प्रत्यक्ष चालवून पाहावें.

पालकवर्गास शेवटीं एक विनंती. सांठविण्याच्या यंत्राचा खरा लाभ पैशांत नाहीं, वेळेंत आहे. कार्यक्रम आठ वाजतां आहे म्हणून मुलानें आठ वाजतां पुस्तक मिटावें, ही सक्ति हें यंत्र नाहींशी करतें. धडा पुरा होईपर्यंत, जेवणें आटोपेपर्यंत, कार्यक्रम थांबून राहूं शकतो. मात्र त्यासाठीं घरांत नियम असला पाहिजे. नसेल तर हीच पेटी उलटें काम करील. वर आपण काढलेले ३७० तास आठवा. रोज एक तास पाहिलें तरी ते संपण्यास वर्षाहून अधिक काळ लागेल. तबकडी मोठी मिळते, दिवस मोठा मिळत नाहीं. म्हणून सांठवावें थोडें, पाहावें निवडून, आणि पाहून झालें कीं पुसून टाकावें.

घरीं सोडविण्यासाठीं प्रश्न :

१. एका पेटीची किंमत ६,००० रुपये व मासिक वर्गणी ४०० रुपये धरल्यास किती महिन्यांत किंमत भरून निघेल? तीन वर्षांत किती रुपये वांचतील?

२. सेकंदास ४० लक्ष अंक या मानानें १,००० गिगाबाइटांच्या तबकडीवर किती तासांचे कार्यक्रम मावतील?

३. गेल्या महिन्यांत आपल्या घरीं पाहिलेल्या कार्यक्रमांची यादी वडीलधाऱ्यांसह करा. त्यांपैकीं कोणते केवळ वर्गणीनेंच मिळतात, त्यांवर खूण करा, व ही यादी पाहून वर्गणी ठेवावी कीं नाहीं याविषयीं आपलें मत सकारण लिहा.