शीर नव्हे, पोटरीचा स्नायू

प्रश्न : घोलवडला चिकूच्या वाडीत दिवसभर तोडणी करतो. रात्री पोटरीत गोळा येऊन जीव कासावीस होतो. आई म्हणते, शीर चढली. ती तुटेल का?

उत्तर : घाबरू नका, शीर चढत नाही आणि तुटतही नाही. आखडतो तो पोटरीचा स्नायू. टाच उचलणं त्याचं काम. उंच फांदीसाठी चवड्यांवर उभे राहता तेव्हा भार तोच पेलतो. गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीकडे ओढा, अर्धा मिनिट धरा, मग हलकं चोळा. वाडीत पाणी पीत राहा. मात्र एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखणं थांबेना, तर अजिबात चोळू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.