फुगवटा एक, वाटा अनेक

जांघेतल्या हर्नियाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं कौतुक बहुतेकदा छोट्या छिद्रांसाठी होतं. दुखणं कमी, कामावर लवकर परत. तेही खरंच. पण ही शस्त्रक्रिया करून घेतलेला माणूस म्हणून मी सांगेन, की ज्याला एकाहून जास्त हर्निया आहेत त्याच्यासाठी छिद्रांचा आकार दुय्यम आहे. फ्रेंच सर्जन आंरी फ्रुशो यांनी १९५६ साली मांडलं, की जांघेतले सगळे हर्निया पोटाच्या भिंतीतल्या एकाच कमकुवत भागातून बाहेर पडतात. पुरुषांत एक वाट वृषणाकडे जाणाऱ्या नलिकेबरोबरची, दुसरी थेट भिंत ढकलून, तिसरी खाली मांडीच्या रक्तवाहिनीशेजारून. एकाच बाजूला दोन वाटा उघड्या असू शकतात, आणि दुसरी बाजूही. हाताला मात्र एकच फुगवटा लागतो. तेवढाच दुरुस्त झाला, की पुढे कधीतरी ‘हर्निया परत आला’ असं म्हणायची वेळ येते. खरं तर तो राहून गेलेला असतो. आतल्या बाजूने साधारण १० बाय १५ सेंटिमीटरची जाळी नीट पसरली, तर त्या बाजूच्या तिन्ही वाटा झाकल्या जातात, आणि त्याच छिद्रांतून दुसरी बाजूही करता येते. बायकांमध्ये मांडीकडचा हर्निया नजरेतून सुटण्याची भीती अधिक आणि त्यात आतडं अडकण्याचा धोकाही मोठा. २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी स्त्रियांसाठी आणि दोन्ही बाजूंच्या हर्नियासाठी दुर्बिणीला पसंती दिली आहे, ती अनुभवी सर्जन उपलब्ध असेल तर.

ही अट महत्त्वाची आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्यांदाच झालेला हर्निया दुर्बिणीनंतर दोन वर्षांत सुमारे १० टक्के रुग्णांत उलटला, खुल्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे ४ टक्क्यांत. हा आकडा दुर्बिणीविरुद्ध नेहमी पुढे केला जातो. पण अशा अडीचशेहून जास्त शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनांकडे हा फरक उरला नव्हता. तेव्हा ‘तुम्ही स्वतः अशा किती केल्यात?’ हे निःसंकोच विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

पूर्ण भूल लागते, हा आक्षेप रास्त आहे. हृदय किंवा फुप्फुस कमजोर असेल, प्रोस्टेटची मोठी शस्त्रक्रिया आधी झाली असेल, तर खुली पद्धतच बरी ठरू शकते. तीत फक्त जागा बधिर करूनही काम होतं. ‘दुखत नाही, मग कापायचं कशाला?’ हाही प्रश्न चुकीचा नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, फारसा त्रास नसलेल्या पुरुषांनी थांबणं सुरक्षित ठरलं. मात्र पुढच्या दहा वर्षांत त्यांतल्या बहुतेकांनी, मुख्यतः दुखू लागल्यामुळे, शस्त्रक्रिया करून घेतलीच. शिवाय हा निष्कर्ष बायकांना लागू होत नाही. आणि फुगवटा आत जाईनासा झाला, उलट्या सुरू झाल्या, तर कुणीही थांबू नये. त्याच तासाला रुग्णालय गाठावं.

दुसऱ्या बाजूचं मात्र आधी ठरवा. पोटाच्या पोकळीतून जाणाऱ्या पद्धतीत ती बाजू सहज दिसते. पोकळीबाहेरून, स्नायूंमागून जाणाऱ्या पद्धतीत त्यासाठी तिथले थर वेगळे करावे लागतात. तिथे हर्निया सापडला तर जाळी लावायची की नाही, हे भुलीखाली कुणी विचारू शकत नाही. ते संमतीपत्रावर लिहून घ्यावं, आणि निघताना कोणत्या बाजूंना जाळी लावली याची नोंद डिस्चार्ज कार्डावर मागून घ्यावी.