फवारणी पंपाच्या बॅटरीवर रेडिओ : प्रवाहवर्धनाचा हिशेब

पावसाळ्यात वीज गेली असता फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर ९ व्होल्टचा रेडिओ चालवून हवामानवृत्त ऐकता येते. बॅटरी थेट जोडू नये. रेडिओ जळण्याचा संभव असतो. मध्ये एक रोध, एक झेनर डायोड व बीडी १३९ सारखा ट्रान्झिस्टर घातला म्हणजे काम भागते. तथापि अशा जोडणीत एक दोष वारंवार आढळतो. हलक्या आवाजात रेडिओ उत्तम चालतो. परंतु चावडीवर माणसे जमली आणि आवाज वाढविला की तो घोगरा होतो. असा दोष पुष्कळदा रेडिओत नसून हिशेबात असतो.

बॅटरीचे धन टोक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जोडतात. एमिटरमधून रेडिओस वीज मिळते. त्याच धन टोकापासून रोधातून येणारा लहान प्रवाह बेस व झेनर यांत वाटला जातो. ९.१ व्होल्टचा झेनर, पट्टीचे टोक बेसकडे व दुसरे ऋण टोकाकडे ठेवून, बेसचा दाब स्थिर राखतो. बेस व एमिटर यांमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होऊन रेडिओस ८.४ व्होल्ट मिळतात. तेवढे पुरेसे आहेत.

बेसच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह कलेक्टरमधून वाहतो. या पटीस प्रवाहवर्धन म्हणतात. पाटाचे दार उचलण्यास हाताचे थोडे बळ लागते, पाणी मात्र पाटातूनच येते. त्याचप्रमाणे येथे वीज निर्माण होत नाही; ती बॅटरीचीच असते.

आता चूक कोठे होते ते पाहू. मोठ्या आवाजात रेडिओस ३०० मिलिअँपियर लागतात असे धरू. वर्धन १०० मानल्यास बेसला ३ मिलिअँपियर पुरतील. झेनरसाठी २ ठेवून, बॅटरी ११ व्होल्टवर उतरली तरी चालावे म्हणून, ३९० ओहमचा रोध बसविला जातो. परंतु एकाच जातीच्या दोन ट्रान्झिस्टरांचे वर्धन सारखे नसते. एकाच वाणाच्या दोन रोपांसही शेंगा सारख्या लागत नाहीत. हाती आलेल्या नगाचे वर्धन ४० असल्यास बेसला ७.५ मिलिअँपियर हवेत. ते ३९० ओहममधून येताना जवळजवळ ३ व्होल्ट खर्च होतात, झेनर निष्क्रिय होतो आणि रेडिओस ७.४ व्होल्टच उरतात.

म्हणून हिशेब कमीत कमी वर्धनावर करावा. बेसला ७.५ व झेनरला ५, मिळून १२.५ मिलिअँपियर; ११ व ९.१ यांतील १.९ व्होल्टच्या फरकास सुमारे १५० ओहमचा रोध येतो. बॅटरी भारित होत असता १४.४ व्होल्टपर्यंत चढते. तेव्हा रेडिओ बंद असल्यास झेनरवर ०.३ वॅटहून थोडी अधिक उष्णता पडते. यास्तव झेनर १ वॅटचा घ्यावा. त्याच वेळी रेडिओ मोठ्याने चालू असेल तर ट्रान्झिस्टरवर १.८ वॅट पडतात, म्हणून त्यास ॲल्युमिनियमची पट्टी लावावी. बीडी १३९ ची धातूची पाठ कलेक्टरला जोडलेली असते. पट्टी इतर तारांस लागू देऊ नये.

बॅटरीच्या धन टोकाजवळ अर्ध्या अँपियरचा फ्यूज घालावा. बाहेरच्या तारा एकमेकींस चिकटल्यास तो बॅटरी व तारा वाचवील. ट्रान्झिस्टर वाचेलच असे नाही. जोडणीपूर्वी रेडिओतील सेल काढून ठेवावेत व धन-ऋण टोके मीटरने तपासावीत.