एक शेत, दोन कायदे : अमेरिकेतील गांजाच्या लागवडीचा वाद

कोणते पीक घ्यावे हे जमिनीचा मगदूर, पाण्याची सोय, हवामान आणि बाजारभाव पाहून ठरवावे, असा शेतीचा सर्वमान्य दंडक आहे. परंतु काही पिकांच्या बाबतीत याच्याही आधी एक प्रश्न विचारावा लागतो. तो म्हणजे, हे पीक घेण्याची परवानगी देण्याचा अधिकार कोणाचा, आणि एकाने दिलेली परवानगी दुसऱ्याला मोडता येते काय? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गांजाच्या लागवडीसंबंधी घटक राज्ये व मध्यवर्ती सरकार यांच्यामध्ये १९९६ पासून जो वाद चालत आला आहे, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. व्यसनाच्या बऱ्यावाईट परिणामांची चर्चा सर्वत्र होते. पीक घेणाऱ्याच्या अडचणींचा विचार मात्र क्वचितच होतो. तो येथे करावयाचा आहे.

वनस्पती एक, उपयोग दोन

मादक गांजा आणि धाग्यासाठी घेतले जाणारे ‘हेम्प’ ही एकाच वनस्पतीची दोन रूपे होत. या वनस्पतीची नर व मादी झाडे बहुधा वेगवेगळी असतात. मादी झाडाच्या फुलोऱ्यातील राळेत ‘टीएचसी’ या नावाने ओळखले जाणारे मादक द्रव्य साठते. धागा व बी यांसाठी निवडलेल्या वाणांत त्याचे प्रमाण अत्यल्प असते.

अमेरिकेत १९३७ साली या वनस्पतीच्या व्यवहारावर कर व नोंदणीचे कडक निर्बंध आले आणि धाग्याचे पीकही त्यांच्या कक्षेत सापडले. पुढे दुसऱ्या महायुद्धात फिलिपाइन्स बेटे जपानच्या ताब्यात गेल्यामुळे ‘मनिला’ दोरांच्या धाग्याचा पुरवठा तुटला. तेव्हा १९४२ साली तेथील कृषिखात्याने ‘हेम्प फॉर व्हिक्टरी’ नावाचा बोलपट काढून शेतकऱ्यांना हेच पीक घेण्याचे आवाहन केले. युद्ध संपल्यावर हे उत्तेजन थांबले व पीक मागे पडले. १९७० च्या मादक द्रव्य नियंत्रण कायद्याने गांजाची गणना पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ज्यांचा वैद्यकीय उपयोग सरकारला मान्य नाही अशा द्रव्यांत, करण्यात आली.

राज्यांचा निराळा मार्ग

१९९६ साली कॅलिफोर्नियातील मतदारांनी, वैद्याच्या शिफारशीवरून रुग्णांना गांजा बाळगण्याची व लावण्याची मुभा देणारा ठराव संमत केला. नोव्हेंबर २०१२ मध्ये कोलोराडो व वॉशिंग्टन या राज्यांनी प्रौढांना सामान्य वापरासाठीही परवानगी दिली. २०२३ अखेर अशा राज्यांची संख्या २४ झाली.

मध्यवर्ती कायदा मनाई करीत असता राज्यांना हे कसे करता आले, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे मध्यवर्ती कायदा राज्याच्या कायद्याहून श्रेष्ठ आहे. परंतु आपला कायदा राबविण्यासाठी राज्याच्या अधिकाऱ्यांना राबवून घेण्याचा हक्क मध्यवर्ती सरकारला नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली एका निराळ्या प्रकरणात स्पष्ट केले. यामुळे राज्याला स्वतःची शिक्षा रद्द करता येते, स्वतःचे परवाने देता येतात. मात्र मध्यवर्ती मनाई त्यामुळे नाहीशी होत नाही. परवानाधारकाला राज्याच्या पोलिसांपासून संरक्षण मिळते, मध्यवर्ती अधिकाऱ्यांपासून मिळत नाही.

गव्हाचा निकाल आणि सहा झाडे

ऑगस्ट २००२ मध्ये कॅलिफोर्नियातील बट परगण्यात एका रुग्ण महिलेच्या घरी स्थानिक व मध्यवर्ती असे दोन्ही अधिकारी आले. तिची सहा झाडे राज्याच्या कायद्याप्रमाणे योग्य आहेत, असा निर्वाळा स्थानिक अधिकाऱ्यांनी दिला. तीन तास वाद होऊनही मध्यवर्ती अधिकाऱ्यांनी ती झाडे जप्त करून नष्ट केली. यातून उद्भवलेला ‘गोन्झालिस विरुद्ध रेच’ हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जून २००५ मध्ये सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने मध्यवर्ती सरकारच्या बाजूने निकाल लागला.

या निकालाचा एक मुख्य आधार शेतीचाच होता. ओहायो राज्यातील रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला सरकारी नियंत्रणाखाली ११.१ एकर गहू पेरण्याची मर्यादा ठरवून दिली होती. त्याने २३ एकर पेरला. जादा क्षेत्रात २३९ बुशेल, म्हणजे सुमारे ६५ क्विंटल, गहू झाला व त्यावर बुशेलमागे ४९ सेंट दंड बसला. त्याचा बराचसा गहू घरची जनावरे, घरचे पीठ व पुढील हंगामाचे बियाणे यांसाठी असे. जो बाजारात जात नाही त्यावर नियंत्रण कसले, असे त्याचे म्हणणे होते. १९४२ साली न्यायालयाने ठरविले की, घरचा गहू खाणारा बाजारातून गहू घेत नाही; असे पुष्कळांनी केल्यास देशाच्या बाजारभावावर परिणाम होतो; सबब आंतरराज्य व्यापाराचे नियमन करणाऱ्या मध्यवर्ती सरकारचा हात त्याच्या शेतापर्यंत पोहोचतो. हाच न्याय त्रेसष्ट वर्षांनी सहा झाडांना लावण्यात आला.

पाणी, औषध, पैसा आणि बाजार

अटक व जप्ती हे प्रसंग विरळा. पण रोजच्या शेतकामातही या वादाची झळ पोहोचते, ती पुढीलप्रमाणे :

(१) पाणी : पश्चिमेकडील राज्यांतील अनेक धरणे व कालवे ‘ब्युरो ऑफ रिक्लमेशन’ या मध्यवर्ती खात्याचे आहेत. मध्यवर्ती कायद्याने निषिद्ध असलेल्या लागवडीस आपले पाणी वापरू देणार नाही, असे धोरण या खात्याने २०१४ साली जाहीर केले. राज्याचा परवाना हातात असूनही कालव्याचे पाणी घेता येऊ नये, अशी ही स्थिती होती.

(२) कीटकनाशके : तेथे कीटकनाशकांची नोंदणी मध्यवर्ती सरकार करते व वेष्टनावर लिहिलेल्या पिकावरच ते वापरता येते. निषिद्ध पिकाचे नाव वेष्टनावर येणार कसे? म्हणून राज्यांना, ज्यांची वेष्टने व्यापक शब्दांत लिहिलेली आहेत अशा औषधांच्या स्वतंत्र याद्या कराव्या लागल्या. हेम्पसाठी मध्यवर्ती मान्यता प्रथम डिसेंबर २०१९ मध्ये दहा औषधांना मिळाली.

(३) पैसा : मध्यवर्ती नियंत्रणाखाली असल्यामुळे पुष्कळ बँका या धंद्याचे खाते उघडण्यास कचरतात व व्यवहार रोखीने होतात. शिवाय १९८२ च्या कर-तरतुदीप्रमाणे पहिल्या व दुसऱ्या अनुसूचीतील द्रव्यांचा व्यापार करणाऱ्यास दुकानभाडे, पगार यांसारखा खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही.

(४) बाजार : परवानाप्राप्त राज्यातील माल शेजारच्या राज्यातही नेता येत नाही. ऑरेगॉनमध्ये मागणीपेक्षा उत्पादन फार वाढले. तेव्हा मध्यवर्ती सरकारने मुभा दिल्यास परराज्यांशी विक्रीचे करार करता यावेत, असा कायदा त्या राज्याने २०१९ साली करून ठेवला.

उलट दिशेचा पेच

मध्यवर्ती सरकार कठोर व राज्ये सैल, असेच नेहमी घडते असे मात्र नाही. २०१८ च्या कृषिकायद्याने, कोरड्या वजनावर ०.३ टक्क्यापेक्षा अधिक टीएचसी नसलेले हेम्प मादक द्रव्यांच्या यादीतून वगळले. त्यानंतर अवघ्या महिन्याभरात, जानेवारी २०१९ मध्ये, ऑरेगॉनहून कोलोराडोकडे निघालेला सुमारे तीन टन हेम्पचा मालट्रक आयडाहो राज्याच्या पोलिसांनी अडविला, माल जप्त केला व चालकास अटक केली; कारण आयडाहोचा कायदा दोन्हींत भेद करीत नव्हता.

उत्पादकापुढे आणखी एक जोखीम आहे. फुलोरा पक्व होऊ लागला की टीएचसीचे प्रमाण वाढते. कृषिखात्याच्या २०२१ च्या नियमांनुसार नमुना घेतल्यापासून तीस दिवसांत कापणी करावी लागते, आणि प्रमाण मर्यादेबाहेर गेलेले पीक विकता येत नाही. बियाणे कायदेशीर असले तरी उभे पीक बेकायदा ठरू शकते. शिवाय नोव्हेंबर २०२५ च्या एका कायद्याने हेम्पची व्याख्या अधिक कडक केली आणि अंमलासाठी एक वर्षाची मुदत ठेवली.

अस्थिर धोरण

ऑगस्ट २०१३ मध्ये मध्यवर्ती न्यायखात्याने, राज्यांचे नियम पाळणाऱ्यांविरुद्ध कारवाईस प्राधान्य देऊ नये, अशी सूचना काढली. जानेवारी २०१८ मध्ये ती मागे घेण्यात आली. डिसेंबर २०१४ मध्ये कायदेमंडळाने, राज्यांच्या वैद्यकीय गांजाविषयक कायद्यांत अडथळा आणण्यासाठी त्या खात्याने पैसा खर्च करू नये, असे बंधन घातले. सामान्य वापराच्या पिकाला मात्र हे संरक्षण नाही. मे २०२४ मध्ये गांजा तिसऱ्या अनुसूचीत नेण्याचा प्रस्ताव आला व डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ते काम त्वरेने करण्याचा आदेश दिला. तथापि तिसरी अनुसूची हीदेखील नियंत्रित द्रव्यांचीच यादी आहे. केवळ अनुसूची बदलल्याने राज्यांच्या परवान्यावरील विक्री मध्यवर्ती कायद्याने वैध ठरत नाही.

आपल्या शेतकऱ्यांनी घ्यावयाचा बोध

भारतात हा विषय १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याखाली येतो व राज्यांचे अधिकारही त्याच कायद्याने ठरविले आहेत. त्यामुळे परदेशातील बातम्या वाचून येथे कोणी या पिकाचा मोह धरू नये. विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आपल्या जमिनीत दुसऱ्याने अशी झाडे लावल्याचे आढळल्यास पोलिसांस ताबडतोब कळविणे हे जमीनधारकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. जाणूनबुजून ते टाळणे हा गुन्हा होय. सरपंच व गावकामगार यांच्यावरही अशी जबाबदारी आहे. तूर किंवा ऊस दाट वाढला असता बांधापासून आतपर्यंत फेरी मारण्याची सवय या दृष्टीनेही हितावह आहे.

अंबाडी व ताग यांविषयी मात्र भीती बाळगण्याचे कारण नाही. इंग्रजीत त्यांनाही ‘हेम्प’ म्हणतात एवढेच. अंबाडीचे पान खोल कातरलेले असले तरी त्याचे भाग देठाशी जुळलेले असतात व फूल मोठे, पिवळे, मध्ये गडद रंगाचे असते. गांजाच्या पानाच्या पाकळ्या देठापर्यंत सुट्या असतात आणि फूल बारीक, हिरवट असते. तागाचे पान साधे, लांबट असून फुले पिवळी असतात.

नव्या व किफायतशीर म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कोणत्याही पिकाबाबत पेरणीपूर्वी तीन गोष्टींची लेखी खात्री करून घ्यावी : परवाना कोणाचा लागतो, तो कोणास रद्द करता येतो, आणि माल कोणत्या हद्दीपर्यंत विकता येतो. बियाण्याची पिशवी फोडण्यापूर्वी ही चौकशी पुरी झालेली असावी.