गच्चीवरचा मिनी एक्झोरा : पिवळं पान ओळखा, मगच पैसे गुंतवा



घरगुती नर्सरीच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा होता : "सर, गच्चीवर जागा आहे, थोडे पैसेही आहेत. सुरुवात कोणत्या झाडापासून करू?" आज आपण एकच झाड घेऊ आणि त्याचा शेवटपर्यंत हिशोब करू. झाड आहे मिनी एक्झोरा. मराठीत त्याला पेंडगूळ, बकोरा अशीही नावं आहेत. उंची दोन-तीन फूट, बारमाही हिरवं, आणि लाल, केशरी, पिवळ्या किंवा गुलाबी फुलांचे भरगच्च गुच्छ. बाल्कनीत मावतं, देवाला फूल मिळतं, त्यामुळे गिऱ्हाईक लगेच हात लावतं.

मग अडचण कुठे आहे? अडचण आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या मातीत आणि पाण्यात आहे.

आधी झाडाचा स्वभाव समजून घ्या

एक्झोरा मूळचा दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडचा. त्याला थोडी आम्लधर्मी माती, दमट हवा आणि मऊ पाणी आवडतं. आपल्याकडे बरोबर उलटं आहे. बेसॉल्ट खडकापासून झालेली काळी माती, तिच्यात चुनखडी, बोअरचं पाणी जड आणि मे महिन्यात 40 अंशांच्या वर जाणारं ऊन.

अशा मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. हे चिन्ह पक्कं लक्षात ठेवा. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील, तर नत्र कमी आहे किंवा पाणी साचतंय.

बहुतेक लोक इथेच चुकतात. पान पिवळं दिसलं की खत वाढवतात, राख टाकतात, अंड्याची टरफलं टाकतात. राख आणि टरफलं दोन्ही मातीतला चुना वाढवतात, म्हणजे दुखणं वाढतं. गिऱ्हाईक दोन महिन्यांनी म्हणतं, "तुमच्याकडचं रोप जगलं नाही." ते परत येत नाही आणि शेजारणीलाही सांगतं.

मातीची घरगुती तपासणी

वाटीत थोडी कोरडी माती घ्या आणि वर व्हिनेगर ओता. बुडबुडे आले, तर चुना आहे. ती माती एक्झोराला नको. कुंडीसाठी असं मिश्रण करा :

- लाल माती 2 भाग
- धुतलेलं कोकोपीट 1 भाग
- चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत 1 भाग
- थोडा पालापाचोळ्याचा कुजलेला चुरा

कुंडी प्लास्टरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि कुंडीत बांधकामाचा राडारोडा तर अजिबात नको. त्यातूनही चुना उतरतो.

काडीपासून रोप : पावसाळा सोडू नका

1. जुलै-ऑगस्टमध्ये निरोगी झाडाची अर्धवट पिकलेली काडी घ्या. पेन्सिलपेक्षा बारीक, 10 ते 15 सेंटिमीटर, तीन-चार पेरांची.
2. खालची पानं काढा आणि वरची दोन अर्धी कापा.
3. खालचं टोक रूटिंग पावडरमध्ये बुडवून ओलसर कोकोपीटमध्ये लावा.
4. सावलीत ठेवा, वर प्लास्टिक झाका, ओल टिकवा पण चिखल करू नका.
5. मुळं यायला साधारण दीड-दोन महिने लागतात. तोपर्यंत उपटून बघू नका!

पुढे रोज चार-पाच तास ऊन हवं. एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरवी जाळी लावा. फूल नव्या फुटीच्या टोकाला येतं, म्हणून गुच्छ सुकला की शेंडा छाटा. एका जागी दोन फुटवे येतात आणि झाड बुटकं, भरीव राहतं. मिलीबग दिसला तर लिटरला 5 मिली कडुलिंब तेल आणि थोडं साबणपाणी फवारा.

पान पिवळं पडायला लागलंच, तर लिटरला 2 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा. मातीत द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या. चुनखडीच्या मातीत तेच टिकतं, साधी हिराकस लगेच निकामी होते.

पाण्याचा हिशोब

आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं. समजा तुमच्याकडे आठ दिवसांनी येतं आणि 180 कुंड्या आहेत. उन्हाळ्यात कुंडीला रोज अर्धा लिटर म्हटलं तरी दिवसाला 90 आणि आठ दिवसांना 720 लिटर. घरातलं पिण्याचं पाणी तोडून धंदा चालणार नाही. वेगळी टाकी परवडते का, ते आधी बघा. पावसाचं पाणी साठवा. एसीच्या नळीतून पडणारं पाणी मऊ असतं, ते एक्झोराला चालतं. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र टाळा, त्यात क्षार जास्त असतात.

आता पैशांचा हिशोब

हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या बाजारातले तुम्ही भरा.

समजा 100 काड्या लावल्या. पिशवी आणि मिश्रण प्रत्येकी 12 रुपये, म्हणजे 1200. जाळी-पावडर 800. त्यातल्या 60 जगल्या, त्यांना मोठी कुंडी प्रत्येकी 30 रुपये, म्हणजे 1800. औषध-पाणी 600. एकूण 4400 रुपये.

बरेच जण इथे 4400 भागिले 100 करतात आणि खूश होतात, "फक्त 44 रुपयांत रोप!" पण विकण्याजोगी झाली फक्त 45. म्हणजे एक रोप पडलं 98 रुपयांना. शिवाय रोज अर्धा तास, 11 महिने, म्हणजे 165 तास. तासाचे 50 रुपये धरले तर 8250. आता एक रोप 281 रुपयांना पडलं!

त्याच वेळात 300 काड्या सांभाळल्या, तर जाळी-पावडरचे 800 तेवढेच, बाकी साहित्य तिप्पट, असा खर्च 11,600. मेहनत धरून 19,850. विकण्याजोगी 135 रोपं, एक पडलं 147 रुपयांना. म्हणजे छोट्या धंद्यात जगलेल्या रोपांवरच खर्च भागायचा आणि स्वतःची मजुरी कधीच सोडायची नाही.

मग विकायचं काय?

पुणे परिसर किंवा आंध्रातलं कडियम अशा मोठ्या नर्सरीपट्ट्यांतून येणाऱ्या रोपाशी तुम्ही भावात लढू शकत नाही. तुमची ताकद वेगळी आहे. तुमचं रोप याच शहराच्या पाण्यावर वाढलंय आणि इथला एक उन्हाळा काढून उभं आहे. म्हणून जुलैत लावलेलं रोप पुढच्या जूनआधी विकू नका. सोबत चार ओळींची चिठ्ठी द्या : काळी माती नको, राख नको, पावसाचं किंवा मऊ पाणी द्या, फूल सुकलं की छाटा. चिठ्ठीमुळे रोप जगतं, आणि रोप जगलं की गिऱ्हाईक दुसरं न्यायला येतं.

तुमचा गृहपाठ

पहिल्या वर्षी 300 नको, फक्त 30 काड्या. उधारी नको, सोनं गहाण नको. वहीत चार रकाने करा : लावल्या किती, मुळं किती, उन्हाळ्यानंतर उरल्या किती, पाणी किती लागलं. पुढच्या जूनमध्ये 30 पैकी 13-14 चांगली रोपं उभी असतील, तर 300 चा विचार करा. पाच-सहाच उरली, तर मिश्रण आणि पाणी सुधारून पुन्हा 30 च लावा. वही भरली की मला जरूर कळवा.

पुढच्या भागात बघू : रोपाची किंमत सांगताना गिऱ्हाईक "कमी करा" म्हणालं तर काय बोलायचं. भेटूया!